घरी सांगितलं 7.89, हाती आलं 7.35

इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमचे ग्रेड पोर्टलवर दिसले तेव्हा मी नागपूर मेट्रोत होतो. लोकमान्य नगरला चढलो आणि सुभाष नगर यायच्या आत मोबाइलवर हिशोब उरकला. नऊ विषय, त्यांचे ग्रेड पॉइंट 6, 7, 5, 8, 10, 9, 9, 9, 8. बेरीज 71, भागिले 9, उत्तर 7.89. बर्डीला उतरायच्या आधी काटोलला घरी फोन लावून झाला होता. आईनं तो आकडा शेजारच्या काकूंपर्यंत पोचवला, काकूंनी पुढं नेला.

आठवड्यानं गुणपत्रिका मिळाली. एसजीपीए, म्हणजे त्या एका सेमचा ग्रेड पॉइंटचा आकडा, 7.35.

माझा पहिला संशय अर्थातच परीक्षा विभागावर. सकाळी टपरीवर तर्री पोहे खाताना रूममेट्ससमोर तावातावानं बोलत होतो, की इतके पॉइंट कापले कसे, अर्ज करतो. शेजारी थर्ड इयरचा एक सीनियर बसला होता. त्यानं माझा मोबाइल घेतला, यादी पाहिली आणि म्हणाला, “काहून बोंबलून राहिला बे? क्रेडिटनं गुणलं काय? नुसती बेरीज करून राहिला तू.”

क्रेडिट हा शब्द ओरिएंटेशनला ऐकला होता, तेवढाच. खरं समजलं ते घरी गेल्यावर, आणि समजावलं बाबांनी, ज्यांच्या वेळी फक्त टक्के आणि फर्स्ट क्लास असायचा. आमची संत्र्याची बाग आहे. बाबा म्हणाले, “कळमन्याच्या बाजारात 40 क्रेट 500 नं गेले अन् 10 क्रेट 900 नं गेले, तर सरासरी भाव 700 म्हणशीन काय?” नाही म्हणणार. 20,000 आणि 9,000 मिळून 29,000, भागिले 50 क्रेट, म्हणजे 580. बाबा म्हणाले, तुझं क्रेडिट म्हणजे क्रेट, ग्रेड पॉइंट म्हणजे भाव, बस. मला अख्ख्या सेममध्ये जे कुणी सांगितलं नव्हतं ते त्यांनी चहाच्या एका कपात सांगितलं.

तर तोच हिशोब परत, या वेळी नीट. आधी क्रेडिट, मग ग्रेड पॉइंट, मग गुणाकार:

गणित 4 × 6 = 24
भौतिकशास्त्र 3 × 7 = 21
बेसिक इलेक्ट्रिकल 3 × 5 = 15
प्रोग्रामिंग 3 × 8 = 24
फिजिक्स लॅब 1 × 10 = 10
इलेक्ट्रिकल लॅब 1 × 9 = 9
प्रोग्रामिंग लॅब 2 × 9 = 18
वर्कशॉप 2 × 9 = 18
कम्युनिकेशन 1 × 8 = 8

क्रेडिट 20, गुणाकारांची बेरीज 147. 147 भागिले 20 म्हणजे 7.35. गुणपत्रिका बरोबर होती. माझे 9 आणि 10 सगळे एक-दोन क्रेडिटच्या लॅबमधले होते, आणि मार खाल्ला होता तीन-चार क्रेडिटच्या थिअरीत. साध्या सरासरीत एका क्रेडिटची लॅब आणि चार क्रेडिटचं गणित एकाच तराजूत बसतात, म्हणून आकडा फुगतो. जवळजवळ प्रत्येक फर्स्ट इयरवाल्याचा असाच फुगतो, कारण लॅबमध्ये ग्रेड बरे मिळतात.

क्रेडिट कुठून येतं? साधारण नियम असा की आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे 1 क्रेडिट, आणि दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे 1 क्रेडिट. पण अंदाजानं भरू नका. अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये सुरुवातीला ‘स्कीम’ नावाचा तक्ता असतो, त्यात प्रत्येक विषयाचं क्रेडिट लिहिलेलं असतं. आम्ही सिलॅबस उघडतो तो थेट युनिट वन बघायला. तक्त्याचं पान कुणी पाहत नाही. नागपुरात बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं स्वायत्त आहेत, त्यांची स्कीम त्यांची स्वतःची. त्यामुळं दुसऱ्या कॉलेजातल्या मित्राची एक्सेल शीट मागून आणली तर त्यातली क्रेडिटं तुमची नसतात, हे लक्षात असू द्या.

ग्रेडचंही तसंच. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, दहा पॉइंटच्या पद्धतीत ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, पी 4 आणि एफ म्हणजे 0. व्हीएनआयटीतला माझा मित्र मात्र एए, एबी, बीबी अशी भाषा बोलतो. तिथं एबी म्हणजे 9. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो रक्तगट सांगतोय असं वाटलं. किती मार्कांना कोणता ग्रेड, हेही ज्याचं त्याचं असतं, ते आपल्या नियमावलीतच बघायचं.

मार्क आणि ग्रेड यातली एक गोष्ट उशिरा कळली. ग्रेड पायऱ्यांनी चढतो. पायरीच्या काठावर एका मार्कानं हुकलात तर अख्खा पॉइंट जातो, आणि पायरीच्या मधोमध असाल तर चार-पाच मार्क वाढूनही काही हलत नाही. रिव्हॅलचा, म्हणजे पेपर परत तपासून घ्यायचा, फॉर्म भरायचा की नाही, हे मी यावरूनच ठरवतो. 20 क्रेडिटच्या सेममध्ये चार क्रेडिटच्या विषयात एक ग्रेड वर गेला तर एसजीपीए 0.20 नं वाढतो, तीन क्रेडिटच्यात 0.15 नं, एक क्रेडिटच्या लॅबमध्ये 0.05 नं. मोठा विषय, मार्क काठाला, तर फी भरा. छोटा विषय, मार्क मधोमध, तर त्या पैशात सावजी खाऊन या.

इतकं शिकूनही दुसरी चूक केलीच, आणि ती जास्त महागात पडली.

चौथं सेम संपलं होतं. एक कंपनी इंटर्नशिपसाठी येणार होती, अट अशी की सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमचा मिळून आकडा, किमान 7 आणि एकही ॲक्टिव्ह बॅक, म्हणजे न सुटलेला विषय, नको. एकत्रित गुणपत्रिका यायची होती, म्हणून सीजीपीए मी स्वतः काढला. चार सेमचे एसजीपीए होते 7.35, 7.67, 6.50 आणि 6.59. बेरीज 28.11, भागिले 4, म्हणजे 7.03. फॉर्मवर लिहिलं, शर्टला इस्त्री केली. यादी लागली त्यात माझं नाव नव्हतं. प्लेसमेंट सेलमधल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली, तिथं 6.99 होतं.

क्रेट परत विसरलो होतो. सगळी सेम सारख्या वजनाची नसतात. माझं पहिलं सेम 20 क्रेडिटचं, दुसरं 18, तिसरं आणि चौथं 22-22. चांगला निकाल हलक्या सेममध्ये लागला होता आणि वाईट निकाल जड सेममध्ये. सीजीपीए काढताना प्रत्येक सेमचे एकूण गुणाकार घ्यायचे: 147, 138, 143, 145. बेरीज 573. क्रेडिट 82. 573 भागिले 82 म्हणजे 6.988, दोन दशांशात 6.99.

मग रूमवर येऊन मी नको तो हिशोब केला. 82 ला 7 नं गुणलं तर 574 येतात. म्हणजे मी एका पॉइंटनं हुकलो होतो. फक्त एक. पहिल्या सेमची ती कम्युनिकेशनची एक क्रेडिटची फाइल मी चार दिवस उशिरा दिली होती, ‘एका क्रेडिटसाठी कोण मरमर करते’ असं म्हणत. तिथं ए ऐवजी ए प्लस असता तर 574 झाले असते आणि सीजीपीए नेमका 7.00. त्या मॅडमचा काही दोष नव्हता, तरी आठवडाभर मी त्यांच्या केबिनवरून जाणं टाळलं.

त्या दिवसापासून मी शीट ठेवतो. गुगल शीटमध्ये प्रत्येक सेमची एक टॅब, तिच्यात रकाने चार: विषय, क्रेडिट, ग्रेड पॉइंट, गुणाकार. खाली गुणाकारांची बेरीज करणारं समप्रॉडक्टचं एक सूत्र, त्याला क्रेडिटच्या बेरजेनं भागलं की झालं. पहिल्या टॅबवर सगळ्या सेमचे फक्त दोन आकडे, एकूण क्रेडिट आणि एकूण गुणाकार. एसजीपीएची सरासरी मी कुठंच काढत नाही, तो मोह होऊ नये म्हणून तो रकानाच ठेवलेला नाही. एक्सेल जमत नसेल तर वहीचं पान चालतं, फक्त पेन्सिलनं लिहा, ग्रेड बदलतात.

शीटचा खरा उपयोग निकालानंतर नाही, आधी होतो. सेम सुरू झालं की स्कीम उघडून क्रेडिटं भरून टाकायची आणि ग्रेडच्या जागी अंदाज टाकायचा. सेशनल झाली, इंटर्नलचे मार्क कळले, की अंदाज सुधारायचा. पाचव्या सेमच्या सुरुवातीला मी असं मांडलं: हे सेम 20 क्रेडिटचं, म्हणजे एकूण 102. सीजीपीए 7 हवा तर 714 गुणाकार हवेत, हातात 573, उरले 141. 141 भागिले 20, म्हणजे या सेमला 7.05 पाहिजे. जमण्यासारखं. मग हाव सुटली, 7.25 धरून पाहिलं. 739.5 वजा 573, 166.5, भागिले 20, म्हणजे 8.33. तिथं शहाणपण आलं.

हेच शेवटाकडं किती कठीण होतं ते बघा. समजा 140 क्रेडिट झाले आणि सीजीपीए 7 आहे. शेवटचं 20 क्रेडिटचं सेम तुम्ही चक्क 9 नं काढलं, तरी 980 आणि 180 मिळून 1160, भागिले 160, फक्त 7.25. म्हणून ज्युनिअर पोरं ‘फर्स्ट इयरला मजा, मग कव्हर करू’ म्हणतात तेव्हा मी त्यांना फुटाळ्यावर मजा करायला नाही म्हणत नाही, फक्त हा एक भागाकार करून दाखवतो.

बॅकबद्दलही सांगतो, कारण त्याबद्दल अफवाच जास्त. एफ म्हणजे शून्य पॉइंट, पण क्रेडिट भागाकारात राहतं. तिसऱ्या सेमला माझा एम थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, गेला होता, चार क्रेडिटचा. तेव्हा हिशोब होता 123 भागिले 22, म्हणजे 5.59. पुढच्या परीक्षेत सी नं सुटला, 20 पॉइंट मिळाले, 143 झाले आणि एसजीपीए 6.50 वर आला. म्हणजे बॅक सुटली की आकडा सावरतो. काही ठिकाणी विषय सुटेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत, तिथं तर शीटशिवाय काहीच कळत नाही. सुटल्यावर शीटमध्ये जुन्याच सेमची ओळ बदलायची, नवीन सेममध्ये तो विषय परत लिहायचा नाही. माझ्या रूममेटनं तसं लिहिलं आणि त्याची क्रेडिटं चारनं जास्त भरायला लागली.

आता टक्के. फॉर्म कुठलाही असो, टक्क्यांचा रकाना असतोच, आणि इथं पोरं सर्वात जास्त घोळ घालतात. माझा 6.99 घ्या. सरळ 10 नं गुणलं तर 69.9. सीबीएसई दहावीला 9.5 नं गुणायचे, ते धरलं तर 66.4. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, सूत्रानं सीजीपीएमधून 0.75 वजा करून 10 नं गुणलं तर 62.4. एकाच पोराचे तीन टक्के, पहिल्या आणि शेवटच्यात साडेसातचा फरक. सीबीएसईचं सूत्र त्यांच्या शाळांसाठी होतं, कॉलेजशी त्याचा काही संबंध नाही, पण इंटरनेटवर कुठंही विचारा, तेच पुढं येतं. तुमच्या विद्यापीठाचं किंवा स्वायत्त कॉलेजचं सूत्र जे असेल तेच चालतं. ते बहुतेक गुणपत्रिकेच्या मागं छापलेलं असतं. नसेल तर परीक्षा विभागातून लेखी मागून घ्या. कागदपत्रं तपासताना फॉर्मवरचा आकडा आणि सूत्राचा आकडा जुळला नाही तर समजावत बसायला कुणाला वेळ नसतो. एआयसीटीईच्या सूत्रानं 60 टक्के म्हणजे 6.75, हा एक आकडा मी पाठच करून टाकलाय.

बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांनाही नव्या शैक्षणिक धोरणामुळं हे सगळं लागू आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला 160. माझी मामेबहीण धरमपेठेतल्या एका कॉलेजात आहे, तिच्या यादीत मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असं इतकं काही आहे, की तिला कोणत्या विषयाला किती क्रेडिट हेच आधी माहीत नव्हतं. एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटं जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा नंबर, मात्र तिनं डिजिलॉकरवर काढून ठेवलाय. वर्षातून एकदा तिथं जाऊन आपली क्रेडिटं जमा झाली का ते बघायचं, नसतील तर तेव्हाच कॉलेजात विचारायचं. तीन वर्षांनी विचारलं तर जुनं रजिस्टर शोधायला कुणी उठत नाही.

पाचव्या सेमचा निकाल मागच्या महिन्यात लागला. या वेळी मेट्रोत हिशोब केला नाही, रूमवर येऊन शीटमध्ये भरला. 148 पॉइंट, 20 क्रेडिट, 7.40. एकूण 721 भागिले 102, म्हणजे 7.07. गुणपत्रिका यायची वाट पाहिली, तिथंही 7.07 निघालं, मगच काटोलला फोन केला. बाबा बागेतच होते. आकडा ऐकून म्हणाले, “क्रेटनं गुणून सांगून राहिला ना या बारीनं?”