दुकानाची नोंदवही डेटाबेसमध्ये मांडताना: प्रायमरी की आणि फॉरेन की

सोलापुरात ‘सिद्धेश्वर’ नावाची दुकानं गल्लोगल्ली सापडतात. चादरी-टॉवेलच्या एका पेढीची ऑर्डरवही मी कॉम्प्युटरवर उतरवली तेव्हा ग्राहक नावावरूनच ओळखायचा असं ठरवलं. दोन महिन्यांत एका सिद्धेश्वरची उधारी दुसऱ्याच्या खात्यावर चढली. मालक रात्री उशिरापर्यंत जुन्या पावत्या चाळत बसले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आधी वह्या, म्हणजे डेटाबेसमधली टेबलं, वेगळी करा: ग्राहक, माल, ऑर्डर्स आणि ऑर्डरमधल्या ओळी. (टेबलाचं नाव नुसतं ‘ऑर्डर’ ठेवू नका, तो एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेचा, राखीव शब्द आहे.) ग्राहकाचा पत्ता फक्त ग्राहक टेबलात लिहायचा. तो बदलला तर एकाच जागी दुरुस्त होतो.

मग प्रत्येक टेबलाला प्रायमरी की द्या, म्हणजे प्रत्येक ओळ जिच्यावरून ओळखायची ती खूण. ती दोनदा येत नाही आणि रिकामी राहत नाही. शिवाय ती कधी बदलायची वेळ येऊ नये, हे आपण बघायचं. मोबाइल नंबर बदलतो. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा आणि पक्का, पण छोट्या विक्रेत्याकडे तो नसतोच. त्यापेक्षा साधा चढता क्रमांक बरा. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये ऑटो-इन्क्रिमेंट लावलं की तो आपोआप पडतो. या क्रमांकाला गावाचं किंवा पेठेचं अक्षर जोडायचा मोह टाळा. ग्राहकानं दुकान हलवलं की ते अक्षर खोटं ठरतं. जीएसटी क्रमांक दोनदा येऊ नये म्हणून त्यावर वेगळं ‘युनिक’ बंधन घाला.

आता फॉरेन की, म्हणजे एका टेबलातून दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम. ऑर्डर्स टेबलात ऑर्डर 204 च्या ओळीत ग्राहकाचं नाव नाही, फक्त ग्राहक_क्र 17. तो 17 ग्राहक टेबलातलाच असला पाहिजे, हे ‘फॉरेन की’ आणि ‘रेफरन्सेस’ लिहून डेटाबेसला बजावायचं. दोन्हीकडे कॉलमचा प्रकार एकच हवा. मग वहीत नसलेल्या ग्राहकाची ऑर्डर टाकली की मायएसक्यूएल 1452 ही एरर देऊन ती नाकारतं. घाईगर्दीच्या दिवशी माणसाची नजर चुकते, तिथे हीच राखण कामाला येते.

ऑर्डरमधल्या ओळींची प्रायमरी की जोडीची: ऑर्डर_क्र आणि माल_क्र मिळून. उदाहरणार्थ ऑर्डर 204, माल 5, 20 नग आणि त्या दिवशीचा भाव. भाव इथेच लिहा. सूत महागलं की माल टेबलातला भाव बदलेल, पण जुन्या पावतीवरचा बदलता कामा नये.

खोडायचं काय, हेही आधीच ठरवा. ऑर्डर खोडली तर तिच्या ओळी जाऊ द्या, तिथे ‘कॅस्केड’ (मूळ ओळीबरोबर जोडलेल्या ओळीही खोडणं) चालेल. ग्राहकावर मात्र ‘रिस्ट्रिक्ट’च (जोडलेल्या ओळी असतील तर खोडूच न देणं). नाहीतर एक ग्राहक खोडताना त्याचा सगळा हिशेब पुसला जाईल.

एसक्यूएलाइट या दुसऱ्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये फॉरेन कीची तपासणी सहसा मुळात बंद असते. डेटाबेसला जोडताना दर वेळी ‘प्राग्मा फॉरेन_कीज’ ही सेटिंग चालू करावी लागते. मायएसक्यूएलचं माहिती साठवणारं जुनं मायआयएसएएम इंजिन तर फॉरेन कीकडे लक्षच देत नाही, तिथे इनोडीबी हे इंजिन वापरा. वही दुकानात देण्याआधी वहीत नसलेल्या ग्राहक 9999 च्या नावे एक खोटी ऑर्डर टाकून बघा. ती आत गेली, तर फॉरेन की अजून लागलेली नाही.