शेकाट्याचे पाय कापू नका : पाणथळीवरच्या पहाटेच्या फोटोंतल्या चुका

थंडीत येरळवाडी किंवा मायणीला, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या पाणपक्ष्यांच्या तलावांवर, जाऊन आलेल्या माणसाची संध्याकाळची तक्रार ठरलेली असते : "लेन्स कमी पडली." दहातल्या आठ जणांची लेन्स पुरेशी असते. चुकलेली असते ती वेळ, नाहीतर बसायची जागा.

आधी वेळ. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून लोक सातला पोचतात. तोवर काठावरचे पक्षी तुम्हाला बघून आत सरकलेले असतात. अंधारातच जाऊन बसा. मग उजाडताना तुम्ही त्यांच्या लेखी काठावरचा एक दगड असता. नऊनंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते, लांबचा रोहित (फ्लेमिंगो) कितीही नीट फोकस केला तरी विरघळल्यासारखा दिसतो. तेव्हा पोह्यांकडे वळावं.

जागेचं म्हणाल, तर गाडी जिथे लागते तिथेच ट्रायपॉड उघडू नका. सकाळी सूर्य पाठीशी हवा, म्हणजे तलावाचा पूर्वेचा काठ. बांधावर उभं राहून खाली फोटो काढला तर बगळा चिखलावर चिकटवल्यासारखा दिसतो. खाली बसा, जमलं तर पोटावर झोपा. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आला की मागचा काठ आपोआप धूसर होतो. कपडे खराब होतात, त्याला इलाज नाही. बसण्याआधी गाळ किती खोल आहे ते मात्र काठीने बघा.

पांढरा बगळा हा कॅमेऱ्याला फसवणारा पक्षी. मागे गडद पाणी असलं की कॅमेरा सगळं दृश्य उजळ करतो आणि पिसांचा चुना होतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे पाऊण ते एक स्टॉप करा (उणे एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) आणि हायलाइटची लुकलुक, म्हणजे फार उजळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारी सूचना, चालू ठेवा. उलट चकाकत्या पाण्यापुढे शराटी (बाकदार चोचीचा आयबिस पक्षी) काळा ठिपका होते, तिथे अधिक एक. एकच सेटिंग सकाळभर ठेवणं ही चूक मी तीन हिवाळे केली.

दुसरी माझी चूक तर लाजिरवाणी. एका पहाटे गाडीतून काढलेले सगळे फोटो मऊ, म्हणजे धारदार नसलेले, आले. लेन्स बिघडली म्हणून दुरुस्तीवाल्याकडे नेली, त्याला काहीच सापडलं नाही. दोष गाडीच्या हीटरचा होता. उघड्या काचेतून आतली गरम हवा बाहेरच्या गार हवेत मिसळत होती आणि लेन्स त्या लहरींतून बघत होती. तेव्हापासून काच आधीच खाली, हीटर बंद, इंजिनही बंद. मफलर नाकावर ओढला तर श्वासाची वाफ व्ह्यूफाइंडरवर बसते, हेही तेव्हाच कळलं.

पक्षी नुसता उभा असेल तर शटर १/२५० सेकंद चालतो. चमचा पक्षी (स्पूनबिल) चोच पाण्यात डावी-उजवी फिरवायला लागला की १/१००० च्या खाली उतरू नका, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर सोडा. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. फोकसचा बिंदू डोळ्यावर ठेवा. शेकाट्याचा, म्हणजे लांब पायांच्या त्या काळ्या-पांढऱ्या पाणपक्ष्याचा, लाल डोळा धूसर आला तर बाकी फोटो कितीही चांगला असो, जमत नाही.

आणि फ्रेम. शेकाट्याचे लांब गुलाबी पाय हेच त्याचं रूप, आणि ते गुडघ्यात कापून लोक खूश होतात! कॅमेरा उभा धरा, पाण्यातलं प्रतिबिंबही येऊ द्या. प्रतिबिंब अर्ध्यात तुटणार असेल तर सरळ पायांच्या खाली थोडंच पाणी ठेवा.

जवळ जायचंच असेल तर सरळ चालत जाऊ नका. तिरके, बसत-थांबत, नजर दुसरीकडे ठेवून. पक्ष्याने खाणं थांबवून मान ताठ केली की तुम्ही जिथे आहात तिथेच थांबा. आणखी दोन पावलं टाकलीत तर तो उडेल, आणि त्याच्याबरोबर काठावरचे सगळेच. टिटवी आसपास असेल तर ती ओरडून हे काम आधीच उरकते.