ब्लेंडेड लर्निंगची आखणी तासिकेपासून करावी

ब्लेंडेड लर्निंग म्हणजे वर्गातील आणि ऑनलाइन अध्यापनाचा मेळ. त्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१मध्ये मांडलेल्या संकल्पना-टिपणात प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याची सूचना आहे. ती वाचून आठवड्यातल्या दोन तासिका व्हिडिओ कॉलवर आणि उरलेल्या वर्गात अशी वाटणी करण्याचा मोह होतो. त्याने वेळापत्रक बदलते, अध्यापन मात्र होते तसेच राहते. म्हणून आधी हे ठरवावे की साठ विद्यार्थी एकत्र बसलेले असताना असे काय करून घेता येईल, जे त्यांना घरी एकट्याने जमणार नाही. तेवढे वर्गासाठी राखावे आणि बाकीचे ऑनलाइन द्यावे.

अर्थशास्त्रातील मागणीची किंमत-लवचिकता, म्हणजे भाव बदलल्यावर खप किती बदलतो, हा घटक घेऊ. व्याख्या, सूत्र आणि एक सोडवलेले उदाहरण आठ-दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफितीत बसते. त्यासोबत मूडल या ऑनलाइन अध्यापन-प्रणालीवर तीन प्रश्न द्यावेत, त्यांची मुदत तासिकेच्या आदल्या संध्याकाळी संपवावी आणि उत्तरे रात्रीच चाळावीत, म्हणजे उद्या कुठे थांबायचे ते कळते. वर्गात थेट प्रश्न टाकावा: कांद्याचा भाव किलोला २० रुपयांवरून ३० रुपये झाला आणि खप १०० किलोंवरून ९० किलोंवर आला, तर विक्रेत्याचे एकूण उत्पन्न वाढले की घटले? खप कमी झाला म्हणजे उत्पन्नही घटले, असे पटकन म्हणणारे विद्यार्थी असतातच. प्रत्यक्षात ते २,००० वरून २,७०० रुपयांवर गेलेले असते. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकात रूढ केलेली पद्धत येथे उपयोगी पडते. प्रत्येकाने प्रथम न बोलता आपले उत्तर नोंदवायचे. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील, तर शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून देण्यासाठी दोन-तीन मिनिटे द्यायची आणि पुन्हा मत घ्यायचे. बरोबर उत्तरे त्याहून कमी असतील तर चर्चेत वेळ न घालवता संकल्पना स्वतः पुन्हा समजावणे बरे.

चित्रफीत न पाहता आलेल्यांसाठी ती वर्गात पुन्हा सांगू नये. एकदा सांगितली की पुढच्या वेळी कोणीच पाहत नाही.

प्रयोगशाळेच्या विषयांत उपकरणांची ओळख आणि सुरक्षेचे नियम आधी ऑनलाइन द्यावेत. प्रत्यक्ष हाताळणीला मात्र पर्याय नाही.

सर्व साहित्य स्वतःच ध्वनिमुद्रित करण्याचा अट्टहास नको. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरचे योग्य व्याख्यान नेमून द्यावे आणि आपला वेळ प्रश्न तयार करण्यात घालवावा. घरात एकच मोबाइल असणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्याच मजकुराची छोटी पीडीएफही द्यावी. व्हॉट्सअ‍ॅप गट सूचनांपुरता ठीक आहे, पण स्वाध्याय तिथे मागवले की ते ‘गुड मॉर्निंग’च्या ढिगाऱ्याखाली जातात.

सर्वाधिक चूक होते ती भाराच्या हिशेबात. पूर्वीची सगळी व्याख्याने कायम ठेवून वर ऑनलाइन काम लादले, तर विद्यार्थ्याला एकाच श्रेयांकात (क्रेडिटमध्ये) दीडपट अभ्यास करावा लागतो. त्यामुळे नवे जोडताना जुने काय वगळले, हे अध्यापन-आराखड्यात लिहावे आणि पहिल्या सत्रात एकाच घटकावर हा प्रयोग करावा.

तासिकेपूर्वीच्या प्रश्नांना अंतर्गत मूल्यमापनात थोडे गुण ठेवावेत, पण ते प्रामाणिक प्रयत्नासाठी, अचूकतेसाठी नव्हे. अचूकतेला गुण ठेवले की एकाच उत्तराच्या साठ प्रती येतात आणि वर्ग कुठे अडला आहे, याचा पत्ता लागत नाही.