कृत्रिम डिस्क उभारून एमकेएफएसची चाचणी कशी घ्यावी

लिनक्समध्ये फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली साठवण्याची मांडणी) तयार करणारा एमकेएफएस प्रोग्राम डिस्कने स्वतःविषयी दिलेल्या माहितीवर विसंबून रचना ठरवतो; म्हणून त्याची खरी परीक्षा घ्यायची, तर ती माहिती आपल्याला हवी तशी बदलता आली पाहिजे. त्यासाठी कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, एससीएसआय-डीबग हे मॉड्यूल (हवे तेव्हा चढवता-उतरवता येणारा भाग) वापरावे. ते मेमरीतच एक कृत्रिम डिस्क उभी करते. हे काम व्हर्च्युअल मशीनवरच करावे, आणि दर वेळी डिस्कचे नाव पडताळावे, कारण नाव चुकले तर खरी डिस्क पुसली जाते.

प्रथम मॉडप्रोब या आदेशाने मॉड्यूल चढवताना आकार ५१२ एमबी द्यावा. मूळचा ८ एमबी पुरत नाही. एक्सएफएस या फाइलसिस्टिमच्या एमकेएफएसच्या अलीकडच्या आवृत्त्या ३०० एमबीपेक्षा लहान डिस्क नाकारतात. लॉजिकल सेक्टर (संगणक डिस्कला ज्या मापात पत्ता देतो तो तुकडा) ५१२ बाइटचा ठेवून फिजिकल ब्लॉकचा घातांक ३ द्यावा, म्हणजे फिजिकल सेक्टर (डिस्क आतून ज्या मापात लिहिते तो तुकडा) ५१२ च्या आठपट, ४०९६ बाइटचा होतो. हे दोन्ही आकडे सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तेथे) वाचून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ते जुळले, तर एक्सएफएसच्या अहवालात सेक्टर ४०९६ चा दिसला पाहिजे.

यानंतर मॉड्यूल उतरवून ‘लोएस्ट अलाइन्ड’ (फिजिकल सेक्टरच्या सुरुवातीशी जुळणाऱ्या पहिल्या लॉजिकल सेक्टरचा क्रमांक) ७ ठेवून पुन्हा चढवावे. अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही सेक्टरांच्या सुरुवातीची जुळणी, ७ गुणिले ५१२ म्हणजे ३५८४ बाइटने सरकलेली दिसेल. माझ्या मते सर्वांत मोलाची चाचणी हीच आहे. अशा डिस्कवर एक्सएफएसने काम नाकारले पाहिजे, आणि सक्तीचा पर्याय दिल्यावर सेक्टर ५१२ चाच धरला पाहिजे. एक्स्ट४ ही दुसरी फाइलसिस्टिम मात्र केवळ इशारा देऊन पुढे जाते. येथे एक सावधगिरी हवी: डिस्कवर आधीची फाइलसिस्टिम असली तरीही एक्सएफएस नकारच देते, त्यामुळे नकाराचे कारण संदेशातून वाचावे, नुसत्या एक्झिट कोडवरून (प्रोग्राम संपताना देतो त्या अंकावरून) ठरवू नये.

शेवटी रेडची, म्हणजे अनेक डिस्क जोडून एक केलेल्या साठ्याची, रचना. ट्रान्सफर-लांबीचा घातांक ७ आणि ऑप्टिमल ब्लॉक ५१२ दिल्यास किमान आयओ ६५,५३६ आणि ऑप्टिमल आयओ २,६२,१४४ बाइट दिसतो, म्हणजे ६४ केबी चंकच्या (एका डिस्कवर सलग लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) चार डेटा-डिस्क. फाइलसिस्टिमचा ब्लॉक ४०९६ बाइटचा असेल, तर एका चंकचे ब्लॉक, म्हणजे एक्सएफएसमध्ये स्ट्राइप युनिट व एक्स्ट४ मध्ये स्ट्राइड, १६ आणि चारही डिस्कचे मिळून ब्लॉक, म्हणजे दोन्हींत स्ट्राइप विड्थ, ६४ यायला हवी. दोन्ही प्रोग्रामांत काहीही न लिहिता केवळ हिशेब दाखवण्याचा पर्याय आहे. आकडे पडताळण्यास तेवढा पुरतो.