ऑक्टोबर छाटणीची कात्री लावायच्या आधी काडी तपासून घ्या

मंडळी, द्राक्षवाल्यांनी छाटणीची घाई करू नका. कारण 2025 चा मे महिना आठवा. त्या वर्षी मान्सून 24 मे ला केरळात आणि 26 मे ला मुंबईत, एरवी मुंबईत 11 जूनला येतो. आपल्याकडं एप्रिल छाटणी झाल्यावर साधारण 40 ते 60 दिवसांत डोळ्यात (काडीवरच्या कळीत) ऑक्टोबर छाटणीनंतर बाहेर येणारा घड तयार होतो, त्याला कडक ऊन लागतं, आणि नेमके त्याच टायमाला ढग आणि पाऊस आले. काडी बाहेरनं जाड, तपकिरी, झकास दिसते, पण आत घड आहे का बाळी (नुसता तणावा) हे वरनं कळत नाही.

म्हणून छाटणीच्या आठ-दहा दिवस आधी प्लॉटच्या चारी बाजूनं आणि मधनं काड्या काढून लॅबला सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. घड कुठल्या डोळ्यात आहे ते कळलं की त्याच्या पुढं एखादा डोळा ठेवून कात्री. दरवर्षी सबकेनच्या (मुख्य काडी खुडल्यावर फुटलेल्या उपकाडीच्या) गाठीजवळ मारतो म्हणून यंदाबी तिथंच मारली आणि घड पुढच्या डोळ्यात असला तर वर्ष वाया. आमच्या शेजाऱ्यानं तपासणीचे पैसे वाचवले होते एकदा, मग सगळा सीझन नुसता पाला बघत बसला.

दुसरं, सगळा प्लॉट एकदम छाटू नका. एकाच सांगली जिल्ह्यात तासगाव-मिरजेकडं जो पाऊस तोच आटपाडी-जतला असं कुठं असतंय, एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला 5000 मिमीच्या वर आणि माणमधी 500 च्या आतबाहेर. त्यामुळं मोबाईलवर जिल्ह्याचा अंदाज बघून ठरवण्यापेक्षा आपल्या मंडलाचा पाऊस बघा, आणि दोन-तीन टप्प्यांत, पंधरा दिवसांच्या अंतरानं छाटा. पोंगा (नुकताच फुटलेला डोळा) आणि फुलोरा पावसात सापडला की डाऊनी (केवडा रोगाची बुरशी) पानामागं पांढरी दिसते आणि मग घडावर जाते, तेव्हा फवारा मारून उपयोग नसतो. ड्रीपचं पाणी आटोक्यात, वेलीत हवा खेळू द्या, फुटवे वेळेत विरळ करा.

पेस्टिंग, म्हणजे छाटणीनंतर डोळे फुटायला लावायचं औषध, कोरड्या काडीवर करा, ऊन उतरल्यावर. ऑक्टोबर हीटला औषधाचं प्रमाण कमी ठेवावं लागतं, पण ते आपापल्या सल्लागाराला विचारून, व्हॉट्सॲपवर आलेलं नको.

हळदवाल्यांनी सरीत पाणी साठलं असेल तर आधी चर काढा, कंदकूज पाण्यानंच पसरते. औषध नंतर. सोयाबीन कापलंय त्यांनी ओल्या शेंगांची गंजी मारू नका, आत गरम होऊन दाणा काळा पडतो, वाळू दे मग झाका.

काडी तपासणीला लॅबला गर्दी होते, नंबर आत्ताच लावा.