प्रौढ विद्यार्थ्यांची कॉलेज आणि नोकरीसाठी इंग्रजीची तयारी कशी करून घ्यावी

ओळखीच्यांशी इंग्रजीत सहज गप्पा मारणारा प्रौढ विद्यार्थी व्याख्यानाच्या नोट्स घेताना किंवा वरिष्ठांना ईमेल लिहिताना अडखळला, की त्याचे व्याकरण कच्चे असल्याचा निष्कर्ष घाईने काढला जातो. बहुतेक वेळा त्या प्रकारच्या इंग्रजीशी त्याचा संबंधच आलेला नसतो. म्हणून पाठ्यपुस्तकाच्या क्रमाऐवजी त्याला पुढे कराव्या लागणाऱ्या कामांपासून सुरुवात करावी.

आधी त्याला कोणता अभ्यासक्रम किंवा कोणते काम हवे आहे ते विचारावे आणि तेथील प्रवेशअर्ज, नोकरीची जाहिरात, सुरक्षिततेच्या सूचना असे खरे कागद मिळवावेत. मग पातळी तपासावी. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाक्षमतेच्या चौकटीत ए१ (सर्वांत प्राथमिक) ते सी२ (सर्वांत प्रगत) अशा सहा पातळ्या आहेत आणि पदवी अभ्यासक्रमांना साधारणतः बी२ किंवा त्यावरची पातळी लागते. मात्र वाचन, श्रवण, संभाषण आणि लेखन स्वतंत्रपणे तपासावे, कारण अस्खलित बोलणाऱ्याचे लेखन दोन पातळ्या मागे असू शकते.

शब्दसंग्रहासाठी भाषा-संशोधक ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची शैक्षणिक शब्दांची यादी उपयोगी पडते. विषय कोणताही असला तरी शैक्षणिक लेखनात वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबे, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांचे गट, तिच्यात आहेत. ती पाठ करून घेणे माझ्या मते व्यर्थ आहे. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वाचनात त्यातले जे शब्द येतील, तेच संपूर्ण वाक्यासह वहीत उतरवून घ्यावेत.

लेखनाला सर्वाधिक वेळ द्यावा. ईमेलने मुदतवाढ मागताना विद्यार्थी ‘आय वॉन्ट टू मोअर डेज’ असे लिहितो. व्याकरणात चूक नसली, तरी प्राध्यापकांना ते फर्मान वाटते. ‘कुड आय प्लीज हॅव टू मोअर डेज?’ हे रूप त्याच्याकडून लिहून घ्यावे, त्यापुढे एका वाक्यात कारण आणि काम कधी देणार ती तारीख जोडायला सांगावे, आणि विषयाची ओळ शेवटी लिहायला लावावी.

श्रवणासाठी ध्वनिमुद्रित व्याख्यान दर तीन-चार मिनिटांनी थांबवून मुख्य मुद्दा एका ओळीत लिहून घेणे पुरेसे आहे.

मुलाखतीसाठी पूर्वीच्या कामातील एखादी अडचण आणि तिच्यावर स्वतः काढलेला मार्ग आधी मातृभाषेत सांगायला लावावा, म्हणजे काय सांगायचे ते पक्के होते आणि इंग्रजीत फक्त कसे सांगायचे एवढेच उरते. प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा विचारण्याची विनंती कशी करावी, याचाही मोठ्याने सराव घ्यावा. गप्प राहणाऱ्या उमेदवाराला उत्तरच येत नाही, असा समज सहज होतो.