रिटायर झाल्यावर मार्केट पडलं तर... या चुका टाळा (काही मीच करून बसलोय)

नोकरी चालू होती तेव्हा मार्केट पडलं की आपण ऐटीत म्हणायचो, स्वस्त झालंय, घ्या अजून. पगार येत होता ना दर महिन्याला! रिटायर झाल्यावर तेच मार्केट तेवढंच पडलं तर पोटात गोळा येतो, आणि ते काही चुकीचं नाही, कारण आता आपण घेणारे राहिलो नाही, विकणारे झालोय. खर्चासाठी दर महिन्याला थोडं थोडं विकावंच लागतं. नुकसान मार्केट पडल्यामुळे कमी आणि पडलेलं असताना विकावं लागल्यामुळे जास्त होतं, खालच्या बहुतेक चुका फिरून फिरून इथेच येतात.

आधी माझी चूक सांगून टाकतो. मार्च 2020. अमेरिकेचा एस अँड पी 500 इंडेक्स (तिथल्या सुमारे पाचशे मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक) 19 फेब्रुवारी ते 23 मार्च, म्हणजे जेमतेम पाच आठवड्यात सुमारे 34 टक्के पडला आणि जगभरची मार्केटं त्याच्यासोबत गेली. मी दिवसातून आठ-दहा वेळा ॲप उघडून बघायचो, आणि शेवटी तिसऱ्या आठवड्यात निम्मे इक्विटी (म्हणजे शेअरचे) फंड विकून मोकळा झालो. बटण दाबल्यावर काय शांत वाटलं म्हणून सांगू, दोन रात्री मस्त झोप लागली. पण परत कधी घ्यायचं हे ठरवलंच नव्हतं! तोच इंडेक्स ऑगस्टमध्ये जुन्या उंचीवर परत आला आणि मी अजून "परत पडेल, मग घेऊ" म्हणत बसलेलो. सगळे याला घाबरटपणा म्हणतात, मीही म्हणायचो, पण नंतर वही काढून बघितलं तर खरं कारण वेगळंच होतं, माझ्याकडे हाताशी मोकळी रक्कम फक्त दोन महिन्यांच्या खर्चाची होती. दोन वर्षांची असती तर मी ॲप कदाचित उघडलंही नसतं.

सरासरी रिटर्नवर गणित मांडणं

ही चूक सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी दिसणारी, म्हणून इथे जरा थांबतो. "सरासरी एवढे टक्के मिळतात, मी त्यापेक्षा कमी काढतोय, मग काळजी कसली?" हे वाक्य पैसे साठवत असताना चालतं, काढायला लागल्यावर नाही.

आकडे घेऊन बघू. समजा दोघांकडे प्रत्येकी 100 आहेत आणि चार वर्षांचे रिटर्न तेच, फक्त क्रम उलटा. पहिल्याला आधी उणे 25, मग उणे 10, मग अधिक 20, मग अधिक 25 टक्के. दुसऱ्याला याच्या बरोबर उलट. दोघांनी काहीच काढलं नाही तर शेवटी दोघांचे सारखेच होतात, 101.25. आता दोघंही दर वर्षाच्या सुरुवातीला 6 काढतात असं धरा. पहिल्याकडे चार वर्षांनी उरतात साधारण 70.6 आणि दुसऱ्याकडे 81.8. मार्केट तेच, खर्च तोच, हुशारीही तीच, आणि फरक जवळपास दोन वर्षांच्या खर्चाएवढा. कारण पहिल्याने पडलेल्या भावात युनिट विकले आणि मार्केट वर आलं तेव्हा ते युनिट त्याच्याकडे नव्हतेच. याला सिक्वेन्स रिस्क म्हणतात. रिटायरमेंटची पहिली पाच-दहा वर्षं म्हणूनच सगळ्यात नाजूक. बाराव्या वर्षी आलेली मंदी परवडते, दुसऱ्या वर्षीची फार लागते.

कॅश कमी ठेवणं, आणि घाबरून सगळीच कॅश करणं

दोन्ही चुका एकाच माणसाकडून होतात, आधी पहिली आणि तिचा चटका बसला की दुसरी. माझ्याकडून झाल्यात.

इतर पेन्शन किंवा भाडं वगैरे येत असेल ते वजा करून उरलेला जो खर्च पोर्टफोलिओतून (आपल्या सगळ्या गुंतवणुकीतून) काढावा लागतो, त्याची दोन-तीन वर्षांची रक्कम अशा जागी हवी जिथे तिचा भाव हलत नाही. त्यामागे पाच-सहा वर्षांचा खर्च कमी मुदतीच्या चांगल्या बाँडमध्ये (सरकारला किंवा कंपनीला व्याजाने दिलेलं कर्ज). बाकीचं इक्विटीत, आणि त्याच्याकडे उगाच बघायचं नाही. लोक याला बकेट म्हणतात. बकेट तयार सगळेच करतात हो, ती परत कधी भरायची हे कोणी लिहून ठेवत नाही आणि सगळं तिथेच फसतं. माझा नियम साधा आहे: वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात बघायचं, इक्विटी वाढली असेल तर त्यातून कॅश भरायची, पडली असेल तर हात लावायचा नाही, बाँडमधून भरायची.

आणि सगळीच कॅश केली तर? महागाई 6 टक्के धरली तर साधारण बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. रिटायर झाल्यावर पंचवीस-तीस वर्षं जगायची तयारी ठेवायची असेल तर खर्च दोनदा दुप्पट होणार, म्हणजे चौपट. आकडा तोच राहतो म्हणून ते सेफ वाटतं, एवढंच.

4 टक्क्यांना वेदवाक्य समजणं

हा आकडा आला 1994 मध्ये, विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन फायनान्शियल प्लॅनरच्या लेखातून. पहिल्या वर्षी एकूण रकमेच्या 4 टक्के काढायचे आणि पुढे दर वर्षी महागाईएवढे वाढवत न्यायचे, तर जुन्या अमेरिकन आकड्यांवर पैसे तीस वर्षं पुरले, असं ते गणित. लोक "दर वर्षी शिल्लक रकमेच्या 4 टक्के" असं वाचतात, ते वेगळं प्रकरण झालं. शिवाय ते अमेरिकेचं मार्केट आणि अमेरिकेची महागाई. जपानचा शेअर इंडेक्स निक्केई डिसेंबर 1989 मध्ये ज्या उंचीवर होता तिथे परत यायला फेब्रुवारी 2024 उजाडलं, चौतीस वर्षं! सगळे पैसे एकाच देशाच्या मार्केटमध्ये ठेवणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा.

मी 4 टक्के सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरतो आणि त्याला थोडी लवचिकता देतो. वाईट वर्षानंतर महागाईची वाढ घ्यायची नाही, आणि काढायची रक्कम शिल्लकेच्या साडेपाच टक्क्यांवर गेली तर खर्च दहा टक्के कमी करायचा. हे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे असतील, पण मंदी यायच्या आधी ठरलेले हवेत.

"बाँड आहेत ना, मग सेफ आहे"

2022 मध्ये हा समज मोडला. व्याजदर झपाट्याने वाढले (ते वाढले की जुन्या, कमी व्याजाच्या बाँडचा भाव पडतो) आणि शेअर आणि बाँड एकाच वर्षी एकत्र पडले, अमेरिकेत तर शेअर साधारण 18 आणि बाँड साधारण 13 टक्के. बाँड फंड घेताना ड्युरेशन बघा, म्हणजे व्याजदर हलला की फंडाचा भाव किती हलतो याचं माप. ड्युरेशन 7 असेल तर व्याजदर एक टक्का वाढल्यावर फंड साधारण सात टक्के पडतो, असा ढोबळ हिशोब. तीन वर्षांनी लागणारे पैसे लांब मुदतीच्या फंडात ठेवून जास्त व्याजाची हाव धरली की काय होतं ते त्या वर्षी खूप जणांना कळलं.

फीचं पटकन सांगतो. वर्षाला 4 टक्के काढताय आणि 1 टक्का फंडाची फी जातेय, म्हणजे पोर्टफोलिओतून बाहेर पडणाऱ्या दर पाच रुपयांतला एक तुमचा नाहीच. आणि मंदीत कोणी गॅरंटीने डबल व्याज देतो म्हणाला तर फोन ठेवून द्या, त्यावर आणखी काय लिहायचं.

आता घोळ झालाच असेल तर

घाबरून विकून बसला असाल तर सगळे पैसे एका दिवसात परत टाकू नका आणि "योग्य वेळेची" वाटही बघत बसू नका. सहा किंवा बारा सारखे हप्ते करा, तारखा आत्ताच कॅलेंडरवर टाका, त्या दिवशी मार्केट कुठेही असो. मीही शेवटी हेच केलं, फक्त दीड वर्ष उशिरा.

कॅश संपत आली आणि मार्केट अजून खालीच आहे? होतं असं. ऑक्टोबर 2007 पासून मार्च 2009 पर्यंत एस अँड पी निम्म्याहून जास्त पडला आणि जुनी उंची 2013 मध्ये गाठली, तिथे दोन वर्षांची कॅश पुरली नसतीच. म्हणून मागे बाँडची बकेट. तीही नसेल तर मोठे खर्च पुढे ढकला, शक्य असेल तर थोडं काम करून काही कमवा, आणि विकावंच लागलं तर महिन्यापुरतंच विका, भीतीपोटी वर्षाचं एकदम नाही.

मंदीत रात्रभर झोपच येत नसेल तर तुमच्याकडे इक्विटी जास्त आहे, साधी गोष्ट आहे. मार्केट सावरल्यावर कमी करा. गंमत म्हणजे सावरल्यावर कोणीच करत नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवा. घराचा किमान खर्च भागेल एवढ्या रकमेची ॲन्युइटी (विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन आयुष्यभर ठरलेली पेन्शन) घेणं हाही मार्ग आहे, पण एकदा घेतली की पैसे बहुतेक वेळा परत मिळत नाहीत आणि दर घेतला त्या दिवसाचाच लागू होतो, म्हणून दोन-तीन वर्षांत तुकड्यातुकड्याने घेतलेली बरी. टॅक्सचं प्रत्येकाचं वेगळं, ते विकायच्या आधी विचारून घ्या, नंतर नाही.

मी हे सगळं एका पानावर लिहून ठेवलंय: कॅश कुठे, बाँड कुठे, 20 टक्के पडलं तर काय करायचं, 40 टक्के पडलं तर काय करायचं, आणि मी नसलो तर कुठून काढायचं. बायकोला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून पूर्ण वाचलं, उलटून मागची बाजूही बघितली, आणि विचारलं, "सगळं ठीक आहे, पण हे खातं उघडायचं कसं ते कुठे लिहिलंय?"

ते लिहायचं राहिलं होतं.